परीक्षा संपली की पुण्याहून दोन दिवस कोल्हापूरला जायचंय. अंबाबाई आणि तांबडा-पांढरा रस्सा एका दिवसात होऊन जाईल, मग दुसऱ्या दिवशी काय करावं?

"होऊन जाईल" हे वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. (बाई आहे मी. आमच्याकडं बायकाही आलो, गेलो, बसलोच म्हणतात. पुण्यात पाच वर्षं काढून बदललं नाही, आता काय बदलतंय.)

पुण्यात मीही शिकलो. होस्टेलवर माझी रूममेट या "आलो"ची नक्कल करून अख्ख्या मजल्याला हसवायची. तिचं दुसरं आवडतं वाक्य, "तुमच्याकडं मटणाशिवाय आहे काय?" आणि हे कुणाला, तर मला! आम्ही शिरोळकडचे जैन, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. शेवटी एका परीक्षेनंतर इरेला पेटून मीच तिला दोन दिवस घेऊन आलो.

सुरुवात बरी झाली. सकाळी सकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर नेली. म्हैस समोर उभी, धार काढून तसंच फेसाळ, कोमट दूध ग्लासात. "उकळलेलं नाही?" म्हणत तिनं ओढणीनं ग्लासची कड दोनदा पुसली, मग दुसरा ग्लास मागितला. तिथनं खासबाग. शाहू महाराजांनी युरोपात रोमचं कलोसियम बघितलं आणि इथं 1912 मध्ये कुस्तीचं मैदान उभं केलं. हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) खाली, प्रेक्षक उतारावर, त्यामुळं शेवटच्या माणसालाही पट काढलेला दिसतो. मैदान रिकामं होतं, तरी ती वर बसून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी रिक्षा दसरा चौकात थांबवली. तिथं जैन बोर्डिंग आहे. आमचे अज्जा (आजोबा) वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन गावातनं आले ते याच बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. घराण्यात पहिले. मला लहानपणी बाजाराला आणलं की आधी इथं आणायचे आणि दारात चपला काढायचे. आत जायचं नसलं तरी. दोन मिनिटं उभे राहायचे, चपला घालायचे, मग बाजार.

हे सगळं मी तिला रिक्षात सांगितलं. ती खाली उतरली नाही. म्हणाली, "होस्टेलच की हे. आणि तेही जातीजातीची वेगळी! यात कौतुक काय?"

मी गप्प बसलो. तेव्हा सुचलं नाही ते आता सांगतो. महाराजांनी 1896 मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. त्यात बहुजनांची पोरं टिकेनात, म्हणून 1901 पासून एकेका समाजाला जागा आणि मदत देऊन त्यांची त्यांची बोर्डिंगं उभी करायला लावली. मराठा, जैन, 1906 मध्ये मुस्लिम, लिंगायत, पुढं बरीच. खेड्यातल्या पोराला शहरात खोली कोण देणार होतं? ताट कोण वाढणार होतं? तेवढी सोय झाली की पोरगं शिकतंय, एवढा साधा हिशोब होता. 26 जुलै 1902 चा संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम सगळ्यांना पाठ असतो, पण त्या जागांवर बसायला शिकलेली पोरं लागतात, ती या खोल्यांतनं आली. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना याच जैन बोर्डिंगात राहिले होते. पुढं 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. ज्या पोरीचा आजोबाच शहरात वकील होता तिला होस्टेलचं कौतुक कुठनं कळणार?

मागच्या वर्षी तिनं घरच्यांबरोबर येऊन फोटो टाकले. खाली ओळ, "तांबडा-पांढरा झाला, कोल्हापूर झालं!" मी लाईक केलं नाही.

असो, तुमचं. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, सकाळी इथं उतरता. पहिला दिवस पायी. अंबाबाईला (आम्ही महालक्ष्मी म्हणत नाही) रांग मोठी असेल तर मुखदर्शन घ्या आणि वाचलेल्या वेळात देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघा. मग भवानी मंडप, खासबाग. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळलं, ते आठवलं की अजून पोटात तुटतं. दुपारी टाऊन हॉलचं म्युझियम. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन तिथं आहे. पंचगंगेकाठी समुद्रदेव, बघा म्हणजे झालं. तिथनं दसरा चौक जवळच, संध्याकाळी रंकाळा.

दुसरा दिवस पन्हाळ्याला द्या. एसटीनं जा, वीसेक किलोमीटर तर आहे. अंबरखान्याची धान्याची कोठारं आत जाऊन बघा, म्हणजे 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडूनही गड महिनोन्महिने कसा तगला ते कळेल. न्यू पॅलेसचं म्युझियम राहिलं तरी चालेल. पेंढा भरलेले वाघ मला लहानपणीही आवडले नव्हते.

आणि हो, कोल्हापूरला येऊन मटण खाऊच नका असं माझं म्हणणं नाही. खा, फक्त त्यासाठी अर्धा दिवस रांगेत घालवू नका. मिसळही तिखट असते म्हणून घाबरू नका, कट वेगळा मागा. रविवार टाळा. पोट नाजूक असेल तर दूधकट्टा नुसता बघा, दूध कच्चंच असतं, माझी रूममेट दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला येऊ शकली नाही (हे आधी सांगायला हवं होतं). बोर्डिंगात अजून मुलं राहतात, अभ्यास करतात, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नका. बाहेरनं बघितलं तरी पुरे. चपला काढायची गरज नाही, ते फक्त अज्जा करायचे.