‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ घरी बघताना संवाद कळत नाहीत, स्फोटाला पत्रे वाजतात. सबवूफर (खालच्या, जड आवाजाची वेगळी पेटी) कोणता घेऊ?

तुम्ही लिहिलंय ते असं: ५५ इंची टीव्ही, दहा बाय बाराची पत्र्याची खोली, औसा तालुका. बोलणं कळेना म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या मिनिटाला टँकर फुटतो आणि शेजारी दार वाजवतात. शेवटी मेव्हण्यांचं मत, ‘सिनेमाच गोंगाट आहे, मोठा बेस घेतल्याशिवाय मजा नाही.’

मेव्हण्यांचं दोन्हीकडून चुकलंय. या सिनेमाला २०१६ साली ध्वनिमिश्रण आणि ध्वनिसंपादन अशी दोन्ही ऑस्करं मिळाली. त्याला गोंगाट म्हणायचं आणि शहाबादी फरशीच्या रिकाम्या खोलीला काहीच बोलायचं नाही, हा कुठला न्याय?

आधी संवाद. ५.१ ट्रॅकमध्ये, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजात, बोलणं मुख्यतः मधल्या चॅनलवर असतं. टीव्हीला स्पीकर दोनच, तेही खाली तोंड करून. हे सहा चॅनल दोनात कोंबताना बोलणं दबतं. म्हणून बाहेरच्या पेट्या (स्पीकर) नसतील तर ॲपमधून स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनलचा ट्रॅक निवडा आणि टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ असं काही दिसलं तर चालू करा. स्फोट खाली येतो, कुजबुज वर येते. शेजाऱ्यांचा प्रश्न इथंच निम्मा मिटतो, फुकटात. साउंडबार असेल तर केबल ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच लावा, बाकीच्या खाचांतून आवाज परत जात नाही. सबटायटल लाजू नका, लावा. नायक सुरुवातीला बराच वेळ तोंडाला लोखंडी जाळी लावून आहे, खलनायक मुखवट्यातून श्वास घेतो. ती माणसं स्पष्ट बोलतच नाहीत.

आणि कूलर! लोक तीस हजारांचा साउंडबार घेतात आणि मेमध्ये चार फुटांवर कूलर ‘हाय’वर ठेवून बसतात. पंख्याच्या घरघरीत बोलण्यातली व्यंजनं आधी बुडतात, मग सगळे आवाजाचं बटण दाबत सुटतात. सिनेमा दोन तासांचा आहे. रात्री दहानंतर लावा, आधी तासभर खोली गार करा, मग कूलर ‘लो’वर. तोही खिडकीबाहेर स्टँडवर हवा, खिडकीच्या चौकटीला टेकलेला नको, नाहीतर चौकटच गुणगुणते.

आता खोली, कारण खरं दुखणं तिथं आहे. मी तोच टीव्ही, त्याच दोन पेट्या पत्र्याच्या खोलीतून शेजारच्या माळवदात नेऊन ऐकल्यात. सेटिंगला हात न लावता संवाद सुटे झाले. माळवदाच्या भिंती जाड आणि मातीनं लिंपलेल्या, वर लाकडी तुळया, कोनाडे, कुठं सपाट गुळगुळीत पृष्ठभाग नाही, त्यामुळं आवाज आपटून सरळ परत येत नाही. खिडक्या लहान, म्हणजे दिवसाही अंधार. (बेस जास्त केला की वरून पांढरी माती गळते, तेवढं आहे.) पत्र्याच्या खोलीत उलटं: खाली फरशी, चारी बाजूंना सिमेंट, वर थरथरणारा पत्रा.

तरी तिचं बरंच करता येतं. टीव्ही आणि तुमच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी, पाठीमागच्या भिंतीला दोन वाकळी टांगा, भिंतीपासून चार बोटं पुढं. मग मोबाइलवर टोन जनरेटर (एकेक सूर वाजवणारं ॲप) घेऊन, तो पेट्यांवर लावून ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सूर चढवा आणि काय काय वाजायलंय ते ऐका. पत्र्याचे जे हुक ढिले असतील त्यांचे नट आवळा, खालची डांबरी वायसर वाळून तडकली असेल तर बदला. मांडणीवरची ताटं हमखास वाजतात, मध्ये फडकं घाला. सबवूफरखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. बारा फुटांची बाजू ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते, दहा फुटांची ५६ च्या. सब कोपऱ्यात ठेवला की हे दोन्ही घुमारे सगळ्यात जोरात येतात आणि दुकानदार त्यालाच ‘दमदार बेस’ म्हणतो. सब थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं एखादं गाणं लावा, भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथं बेस नेटका ऐकू येतो तिथं सब. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो तो आकडा, ८० हर्ट्झ, पेट्या अगदी वीतभर असतील तर १२०.

सतत ‘हम्म’ येत असेल तर डिशची केबल काढून बघा. गेला तर दोष केबलमधून येणाऱ्या अर्थिंगचा. नाही गेला तर घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, बादलीभर पाणी लागतं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर हम्म येणारच. त्याचं बटण ‘यूपीएस’वर ठेवा, नाहीतर लाइट जाता-येता टीव्ही बंद होऊन पुन्हा चालू होतो, तोही ऐन पाठलागात.

चित्राचं थोडक्यात. ‘सिनेमा’ मोड, मोशन स्मूदिंग (हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत करणारी सोय) बंद, पॉवर सेव्हिंग बंद. ‘व्हिव्हिड’ लावाल तर नामिबियाचं वाळवंट हळदीसारखं पिवळं आणि चिखलातला निळा रात्रीचा प्रसंग वाया. तो दिवसा चित्रित करून नंतर गडद केलाय. बसायचं अंतर साडेपाच ते साडेसात फूट. चित्राची रुंदी उंचीच्या २.३९ पट असल्यामुळं वर-खाली जवळपास नऊ-नऊ सेंटिमीटर काळ्या पट्ट्या राहतील, ‘झूम’ करून त्या घालवू नका, दोन्ही बाजूंच्या गाड्या कापल्या जातात. दिग्दर्शक जॉर्ज मिलरनं महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यावर ठेवून घेतली, म्हणून इतके तोकडे शॉट असूनही डोळा भटकत नाही. पण टीव्ही शोकेसच्या वर छताजवळ टांगलाय, मग मान भटकते. लोडाला टेकून खाली बसत असाल तर टीव्हीचा मध्य जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर हवा.

राहिला सबवूफर. कंपनी सांगत नाही. स्वतःचा अँप असलेला, आठ किंवा दहा इंची, आरएमएस (सतत देता येणारी खरी ताकद) १०० वॅटच्या आसपास. खोक्यावरचं ‘पीएमपीओ’, तो जाहिरातीचा फुगवलेला आकडा, वाचूच नका, मेव्हण्यांनाही वाचू देऊ नका. वरातीतल्या डीजेच्या ट्रॅक्टरवरून घरचा बेस ठरवणारी माणसं मी फार बघितली. सिनेमातही तसलीच गाडी आहे, पुढं आग ओकणारी गिटार, मागं ढोलवाले. नेटक्या सबवर त्या ढोलाची थाप वेगळी कळते, फुगवलेल्या बेसवर नुसता घुमारा. पैसे कमी असतील तर स्वस्त ५.१ संचापेक्षा दोन बऱ्या पेट्या घ्या, सब पुढच्या वर्षी.

आणि हो, मारामारी खरोखर क्रूर आहे, लेकरं झोपल्यावरच लावा. थोरल्यांना मात्र बसवा. उंचावरून क्षणभर पाणी सोडून बंद करणाऱ्या त्या मुखवटेवाल्या सरदाराचा प्रसंग, २०१६ साली मिरजेहून येणाऱ्या पाण्याच्या रेल्वेची वाट बघितलेल्या लातूरकरांना सबटायटलशिवायही कळतो.