गड्ड्याचा संकल्प, जूनची ज्वारी

संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आपल्या नावाने अन्नदान व्हावं, असा निरोप डिसेंबर सरता सरता परदेशातून सोलापूरच्या बऱ्याच घरी येतो. इच्छा चांगली, पण अक्षता सोहळ्याच्या (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या) दिवसांत जेवू घालणारे हात पुष्कळ असतात. एकाच माणसाला दोन ठिकाणी आग्रह होतो आणि पत्रावळीत भात उरतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान देश, काळ आणि पात्र पाहून करायला सांगितलंय; आपण नेमका काळ विसरतो.

संकल्प संक्रांतीलाच करा, धान्य मात्र जूनमध्ये पोचवा. शाळा उघडतात, वह्या-गणवेश घ्यावे लागतात. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर राबणाऱ्या घरात तेव्हा पैशांची ओढाताण असते.

काय द्यायचं? शिधापत्रिका असलेल्या घरात गहू-तांदूळ बहुधा येतात, खरी चणचण डाळ-तेलाची. चौघांच्या घराला ज्वारी 10 किलो, तूरडाळ 4 किलो, तेल 3 लिटर, शेंगदाणे आणि गूळ 2-2 किलो, शिवाय तिखट-मीठ-चहा. ज्वारी दाणाच द्या, दळून नको. जुन्या पिठाला विरी (चिकटपणा) राहत नाही, भाकरी थापताना कडेने फाटते. आपल्याकडची ज्वारी रब्बीची. फेब्रुवारी-मार्चात नवा माल आला की मंगळवेढ्याकडची मालदांडी घेऊन ठेवता येते, पण चांगलं ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून, कोरड्या जागी. ओल राहिली तर जूनपर्यंत सोंडे किडे होतात.

पंगतच घालायची असेल तर 100 पानांना ज्वारीचं पीठ 18 ते 20 किलो लागतं (माणशी दोन भाकरी), तूरडाळ 5 किलो, तांदूळ 8 किलो. हुग्गी (गव्हाची खीर) करणार असाल तर सडलेला गहू 5 किलो आणि तेवढाच गूळ. घोळ होतो तो इथेच: गुळाच्या गरम खिरीत दूध ओतलं की फाटतं. दूध वेगळं तापवून पानात वाढायला सांगा. आमटी आदल्या रात्री करून ठेवू देऊ नका. मोठ्या पातेल्यात ती आतून तासन्‌तास कोमट राहते, सकाळी आंबते. पोटं बिघडतात ती बहुधा अशाच अन्नाने. भाकऱ्या बचत गटातल्या बायकांना सांगितल्या तर त्यांनाही चार पैसे मिळतात, फक्त पिठाचे पैसे आगाऊ द्या.

आता पैशांचं. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. संस्था पासपोर्टची प्रत मागते, ती द्या. नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी देणगी परकीयच, मग ती रुपयांत का असेना. ती फक्त एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेनेच घ्यायची, आणि तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यावर. नोंदणी नसलेल्या मठाला किंवा मंडळाला गळ घालू नका. तुम्ही तिकडे सुखात, चौकशीला इथले विश्वस्त. भावाच्या खात्यावर टाकून त्याच्या नावाने पावती फाडणं हीही पळवाटच.

पावतीचा करासाठी उपयोग सहसा भारतातल्या उत्पन्नापुरताच. त्यातही 2,000 रुपयांवरची रोख रक्कम आणि वस्तुरूप दान वजावटीत धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये सवलत हवी असेल, तर देणगी तिथे नोंदलेल्या संस्थेलाच द्यावी लागते. इथल्या ट्रस्टची पावती तिकडे चालत नाही.