संस्कृतीसाठी वेगळा तास नको, शब्दातच शिकवा

वडोदऱ्यात घरीच आठ-दहा मुलांना स्पॅनिश शिकवताय आणि तुम्ही विचारलंय की आधी व्याकरण उरकून घ्यावं आणि इतिहास-संस्कृती शनिवारी वेगळी घ्यावी का. मी दांडिया बाजारात बरीच वर्षं शिकवतेय. सुरुवातीला मीही असा शनिवार ठेवला होता. मुलांनी फ्लामेंको या स्पॅनिश नाचाची चित्रं पाहिली आणि सोमवारी विसरली. वेगळं काढू नका. आणि इंग्रजीतून तर शिकवूच नका.

'आवडणं' घ्या. इंग्रजीतून आलेली मुलं 'आय लाइक'वरून शब्दशः 'यो गुस्तो' म्हणतात आणि महिनाभर तिथेच अडकतात. मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते: 'मला आंबा आवडतो', 'मने केरी भावे छे', 'मे गुस्ता एल मांगो'. मग आंबा पुसून आंबे करते. आवडतात, गुस्तान. क्रियापद आंब्याच्या मागे जातंय हे मुलांना आपसूक दिसतं. (गुजरातीत 'भावे छे' तसंच राहतं, म्हणून इथे मराठीचा आधार जास्त.) उच्चारांतही तेच: स्पॅनिशमध्ये आपला त आहे, ट नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

'ओहाला' या शब्दावर मात्र अख्खा तास द्या. 'ओहाला युएवा' म्हणजे 'पाऊस पडो'. नुसतं 'पडतो' म्हणायचं तर 'युएवे'. इच्छा आली की शेवटचा स्वर बदलतो. आपलं पडो, होवो, मिळो तसंच. जे रूप पुस्तकं सहा-सहा महिने पुढे ढकलतात, ते आपल्या मुलांच्या तोंडात आधीच बसलेलं असतं. आणि हा शब्द मुळात अरबी, त्यात अल्लाचं नाव आहे. तो स्पॅनिशमध्ये कसा, असं मूल विचारतंच. मग ७११ साली स्पेनमध्ये आलेली मुस्लिम सत्ता, १४९२च्या जानेवारीत पडलेलं ग्रानादा हे तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिकपलीकडच्या कॅरिबियन बेटांवर उतरलेला कोलंबस, हे सगळं ओघात येतं.

तिथून मी मुलांना थेट खंडेराव मार्केटात नेते. 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आलेला. पण स्पॅनिशमध्ये 'बताता' मागितलात तर रताळं मिळेल! बटाट्याला दक्षिण अमेरिकेत 'पापा' म्हणतात, तो केचुआ भाषेतला शब्द. स्पेनमध्ये दोन्हींची सरमिसळ होऊन 'पताता' झालं. 'पापा की पताता, बरोबर कुठलं?' असं एका मुलीनं हातात बटाटा धरून विचारलं होतं. दोन्ही बरोबर, फक्त कुणाशी बोलतेस ते बघ, असं मी तिला सांगितलं. मिरचीला 'पिमिएंतो' का म्हणतात, तेही तिथेच निघतं: कोलंबस निघाला होता काळ्या मिरीच्या शोधात, आणि मिरीला म्हणतात 'पिमिएंता'.

पहिल्या तासाला बटाटा, रताळं, मिरची आणि चिमूटभर मिरी घेऊन बसा. फोटो नकोत, खऱ्या वस्तू आणा.