गोळ्या हातात घेऊन विचार

रामबाग, इंदूर

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर म्हणालीस, "सर, झाबुआ-अलीराजपूरच्या डॉक्टरांकडून एचआयव्हीच्या केस रोज सल्ल्यासाठी येतात, मी रोज उत्तरं देते, तरी तेच प्रश्न पुन्हा येतात." ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक केस सांगतो. तालुक्याच्या एका दवाखान्यातून विचारणा आली: एचआयव्ही असलेल्या एक बाई, टीबीच्या उपचारांचा सहावा महिना, सोबत टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत) चालू, पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, उतरत नाही, सेकंड लाइन, म्हणजे पुढच्या टप्प्याची औषधं, द्यायची का? कागद चोख होते. टीबीवरच्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून त्याचीच ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांनी द्यावी लागते. तीही लिहिलेली होती. मी म्हटलं, बाईंना समोर बसवा, एकेक गोळी हातात घेऊन विचारा, ही कधी घेता, ती कधी? पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. दोन्ही गोळ्या बाई सकाळी एकदमच घेत होत्या. डबी मक्याच्या कणगीत लपवलेली, आणि संध्याकाळी सासू तिथेच चुलीपाशी. काउन्सेलरने त्यांच्याशी बोलून वेळा ठरवल्या: एक पहाटे पाण्याला जाताना, दुसरी शेळ्या परत आणताना. पुढच्या तपासणीत व्हायरल लोड उतरलेला होता. तुझ्याकडे येणाऱ्या फोटोत ती कणगी कधीच दिसणार नाही. ती दिसते फक्त तिथल्या माणसाला, म्हणून त्यालाच विचारत जा.

उलट वागून मी एक पेशंट गमावला आहे. रात्री मेसेज आला, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ४०, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) लगेच सुरू करू? मी "हो" लिहिलं आणि झोपलो. डोकं दुखतं का, हे विचारलंच नाही. क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर होता. त्यात आधी बुरशीवरचं औषध आणि एआरटी चार ते सहा आठवडे उशिरा, हे मला पाठ होतं. आता सीडी फोर १०० च्या खाली दिसला की मी आधी डोकेदुखी विचारतो आणि क्रिप्टोकॉकल अँटिजेन ही त्या बुरशीची तपासणी करायला सांगतो, मग बाकीचं.

आता पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांचं. टीएलडी सुरू केली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ०.९ वरून १.१ झालं, बंद करू का? "चालू ठेवा" एवढंच लिहिशील तर महिन्याने तोच प्रश्न येणार. कारण सांग. डोल्युटेग्राविर क्रिएटिनिनची मूत्रपिंडातून बाहेर पडायची एक वाट अडवतं. मूत्रपिंड शाबूत असतं, आकडा पहिल्या काही आठवड्यांत थोडा चढून थांबतो. चढतच राहिला किंवा लघवीत प्रथिनं दिसली तर मात्र टेनोफोव्हिरवर संशय घ्यायचा. हे एकदा समजलं की तो डॉक्टर पुढच्या दहा पेशंटना स्वतः सांभाळतो.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट इको' सुरू केलं ते याच विचाराने. हेपॅटायटिस सी साठी लांबून पेशंट बोलावण्यापेक्षा गावोगावचे डॉक्टर पडद्यावर एकत्र आणले, प्रत्येकाने आपली केस मांडायची. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेनेही त्याच वर्षी गरीब देशांतल्या एचआयव्हीच्या डॉक्टरांना ई-मेलवर सल्ला द्यायला सुरुवात केली. तूही आठवड्याला एक तास ठेव आणि त्यात आधी त्यांना बोलू दे. नवखा अडखळला तर थांब, त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. तीस मैलांत दुसरा डॉक्टर नसलेल्या ठिकाणी तो बसलेला असतो. सगळ्यांदेखत तुझ्याकडून तुटकपणे बोललं गेलं, तर तो पुन्हा विचारणार नाही आणि त्याची किंमत पेशंट मोजेल.

ग्रुपवर पेशंटचं नाव, गाव, चेहरा येऊ देऊ नकोस, फक्त कोड. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय माहिती उघड करायला बंदी आहे. आणि कायदा नसता तरी, फलियात, म्हणजे वस्तीत, बातमी फुटली की बाईला घर सोडावं लागतं.

आणखी एक, प्रत्येक केसमध्ये विचार: हा माणूस गुजरातेत मजुरीला कधी जाणार? जाणार असेल तर नियमांत बसतील तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या आधीच बांधून द्यायला सांग. होळीआधी भगोरियाच्या जत्रेला बरेच जण गावी येतात. व्हायरल लोडची तारीख त्याच आठवड्यातली ठेव.

तुझे,
सर