पेट्रोल वाचेल, पण पाच लाखांच्या हप्त्याचे काय?

गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी विचारले आहे, हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) घ्यावी का? वय ५८, पेन्शन दरमहा ४२ हजार, घरी नवरा-बायको दोघेच, मुलगी लग्न होऊन पुण्याला. ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण (पेन्शनच्या काही भागाऐवजी एकरकमी मिळणारे पैसे), भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे असे मिळून ३४ लाख हातात आले. गाडी ऑन-रोड १९ लाखांची. त्यातले ९ लाख रोख आणि १० लाखांचे सात वर्षांचे कर्ज. "पेट्रोल एवढे वाचेल की हप्ता त्यातूनच निघेल," असे त्यांना शोरूममध्ये सांगितले आहे. घर खालच्या वाडीत, गाडी उतारावर माडाखाली उभी राहणार, पावसात दोन-दोन आठवडे हलणारही नाही. हायब्रिडला ते चालेल का, हा दुसरा प्रश्न.

आणि पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, एक ओळ: "कर्ज लवकर व्हावे म्हणून बँकेतल्या साहेबांनी पाच लाखांची एक गॅरंटीड पॉलिसी करून दिली आहे, ती चांगलीच असणार."

सर, ती चांगली नाही. गाडीचे नंतर बघू, कारण गाडीसाठी तुमच्याकडे वेळ आहे आणि पॉलिसीसाठी फक्त बारा दिवस आहेत. कागद हाती पडून अठरा दिवस झाले असे तुम्ही कळवलेत. पॉलिसी नको असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे 'फ्री लुक' मुदतीत, ती परत करता येते आणि किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. म्हणूनच हे उत्तर छापून येण्याची वाट न बघता तुम्हाला फोनवरही कळवले. इथे सविस्तर लिहितो आहे ते तुमच्यासारख्या इतर निवृत्तांसाठी.

तुम्ही पाच लाख एकदाच भरायचे आहेत असे समजून बसला आहात. तुम्ही पाठवलेल्या कागदांवर स्पष्ट छापले आहे: हप्ता वार्षिक, मुदत १० वर्षे. म्हणजे एकूण ५० लाख. तुमच्याकडे आले ३४. त्यातले पाच लाख पहिल्या हप्त्यात गेले, नऊ गाडीत जातील, उरतील वीस. ते सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवून दरवर्षी पाच लाख काढत गेलात तर आणखी चार हप्ते निघतील. पाचव्याला पैसे कमी पडतील. तेव्हा तुम्ही ६३ वर्षांचे असाल, खात्यात चार लाखांच्या आसपास असतील आणि पॉलिसी अर्धवट असेल.

महिन्याच्या हिशेबात बघा. पॉलिसीचे दरमहा साधारण ४१,७०० आणि गाडीचा हप्ता ९ टक्क्यांनी १६ हजार. बेरीज ५७ हजारांच्या वर जाते. पेन्शन ४२ हजार. घरात अजून तांदळाचा दाणाही आलेला नाही.

आता त्या 'गॅरंटी'कडे वळू. दहा वर्षे पाच-पाच लाख भरायचे, आणि बाराव्या वर्षाच्या शेवटापासून पुढची दहा वर्षे नऊ-नऊ लाख मिळायचे. साहेबांनी तुम्हाला '५० चे ९०, ऐंशी टक्के फायदा' असे लिहून दिले. प्रत्येक पाच लाखांचे नऊ लाख व्हायला बारा वर्षे लागतात, म्हणजे व्याज पडले वर्षाला पाच टक्के. तुमच्या गावातल्या पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर सध्या ८.२ टक्के मिळतात, आणि ते दर तिमाहीला हातात. त्यासाठी सत्तरी गाठेपर्यंत थांबावे लागत नाही. पाच टक्क्यांच्या वस्तूवर 'गॅरंटीड' हा शिक्का मारून ती निवृत्त माणसाच्या गळ्यात बांधायची, हे मी दर महिन्याला बघतो, आणि प्रत्येक वेळी तितकाच संताप येतो. ज्याने चाळीस वर्षे गावच्या पोरांना पाढे शिकवले, त्याच्यापुढे कोणी हा गुणाकार मांडला नाही.

प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विम्यासाठीच्या अर्जाची, जी प्रत पाठवलीत तिच्या दुसऱ्या पानावर 'व्यवसाय: स्वयंरोजगार' आणि 'वार्षिक उत्पन्न: १२ लाख' असे लिहिलेले आहे. अक्षर तुमचे नाही, सही तुमची आहे. तुमचे खरे उत्पन्न पाच लाखांच्या आसपास. ते लिहिले असते तर पाच लाखांचा वार्षिक हप्ता मंजूर होणे कठीण होते, म्हणून बारा लिहिले. कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा 'सगळ्याला होय म्हणा' असे सांगितल्याचेही तुम्ही लिहिले आहे. कोऱ्या फॉर्मवर सही आणि फोनवर होय, या दोन गोष्टी यापुढे कोणासाठीही करू नका, साहेब कितीही ओळखीचे असोत. कर्ज हवे तर विमा घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, नियमाने बंदी आहे.

काय करायचे ते सांगतो. परत करण्याचा अर्ज बँकेत देऊ नका, थेट विमा कंपनीला करा. ईमेल पाठवा आणि जवळच्या शाखेत लेखी अर्ज देऊन तारखेसह पोच घ्या. मजकूर चार ओळींचा पुरे: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, 'फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे', आणि कारण. कारणात लिहा की हप्ता दहा वर्षांचा असल्याचे सांगितले नाही आणि फॉर्ममध्ये उत्पन्न चुकीचे लिहिले. कुरिअरचे पाकीट फेकू नका, त्यावरची तारीख पुरावा आहे. बँकेतून फोन येईल. 'दोन वर्षे चालवा, मग बघू', 'साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या' असे काहीतरी म्हणतील. त्या पुढच्या आठवड्यातच तुमची मुदत संपते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, तिथूनही काम झाले नाही तर विमा लोकपाल आहेत.

दुसरी मुदतही चालू आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतरची, पण ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत तिच्यात पैसे ठेवता येतात. तुमची रक्कम येऊन सव्वादोन महिने झाले. राहिले तीन आठवडे. ते गेले तर साठीपर्यंत दार बंद. पॉलिसीचे पैसे परत येण्याची वाट बघू नका, आज खात्यात असलेल्या २९ लाखांतून २० लाख तिथे ठेवा. दर तिमाहीला ४१ हजार मिळतील, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. निवृत्तीची तारीख आणि मिळालेली रक्कम यांचा दाखला गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून लागेल. कामाला वेळ लागतो, उद्याच पंचायत समितीत जा.

तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेखच नाही. नसेल तर दोघांसाठी घ्या. डेरवणच्या रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली काय किंवा मुंबई गाठावी लागली काय, पैसा या २० लाखांतून काढावा लागू नये.

आता गाडी. तुमच्या दोन कोटेशनांत साधी पेट्रोल आणि हायब्रिड यांत फरक तीन लाखांचा. फिरणे महिन्याला ६०० किलोमीटर: शृंगारतळीचा बाजार आणि अधूनमधून चिपळूण. साधी गाडी लिटरला १५ देईल, हायब्रिड २२. पेट्रोल १०५ रुपये धरले तर महिन्याला तेरा लिटर वाचतील, म्हणजे तेराचौदाशे रुपये. वर्षाला सोळा हजार. गाडीचा हप्ता सोळा हजार आहे तो महिन्याचा. वर्षभराच्या बचतीतून एक हप्ता निघेल, बाकीचे अकरा कुठून काढणार? तीन लाख वसूल व्हायला अठरा-एकोणीस वर्षे लागतील. जाहिरातीतला २७.९७ चा आकडा चाचणीच्या नियंत्रित परिस्थितीतला असतो. तो जसाच्या तसा मिळाला असे धरले तरी तेरा वर्षे. वर सात वर्षांत साडेतीन लाख व्याज जाईल ते वेगळेच.

तुमच्या वापरात हायब्रिडचे खरे बळ दिसणारही नाही. ती वाचवते थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत, जिथे इंजिन बंद होऊन मोटर गाडी ओढते आणि ब्रेक दाबताना वाया जाणारी ताकद बॅटरीत परत जाते. वाडीतून तिठ्यापर्यंत तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापायलाच पेट्रोल खाते. उलट दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर शहरात फिरणाऱ्याला हायब्रिड परवडते, त्याला मी नाही म्हणणार नाही. तुम्ही आठ-नऊ लाखांची साधी पेट्रोल गाडी रोखीने घ्या. २० पोस्टात, ९ गाडीला, पॉलिसीचे परत आलेले ५ अडीअडचणीला. कर्ज नाही, हप्ता नाही. हायब्रिडची शांत चाल आवडली म्हणून घ्यायची असेल तर तो शौक आहे असे म्हणून घ्या, तिला बचत म्हणू नका.

तरीही घेतलीत, किंवा जावई सुट्टीत घेऊन आले, तर ती लावायची कशी ते सांगतो.

उतारावर पाय ब्रेकवर ठेवून आधी पार्किंग ब्रेक लावायचा आणि मग गिअर 'पी'मध्ये (पार्किंग) टाकायचा. उलटे केलेत तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतो. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाके बांधाकडे वळवा आणि चाकाला चिरा लावा. जांभ्याचा चिरा अंगणात असतोच, पण निघताना तो काढायचे लक्षात ठेवा. उतरण्यापूर्वी डॅशबोर्डवरचा, गाडी चालू असल्याचे सांगणारा 'रेडी'चा दिवा विझला का ते बघा. हायब्रिडचे इंजिन उभ्या गाडीत बंदच असते, म्हणून माणसाला वाटते गाडी बंद केली. बॅटरी उतरली की ते आपोआप सुरू होते. बंद पडवीत किंवा शेडमध्ये हे जीवघेणे आहे, धुराने माणसे गुदमरतात.

दोन आठवडे गाडी हलणार नाही, हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची छोटी उतरली की गाडी 'रेडी'च होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. नुसती उभी ठेवून चार्ज करायची तर मोकळ्यावर, 'रेडी'मध्ये आणि गिअर 'पी'त. 'एन'मध्ये (न्यूट्रल) मोठी बॅटरी भरत नाही. गणपतीत महामार्गावर रांगेत अडकलात तरी 'एन' टाकून बसू नका. बॅटरीला हवा घेणारी जाळी मागच्या सीटजवळ असते, तिच्यापुढे आंब्याच्या पेट्या रचू नका.

माडाखाली मात्र कोणतीच गाडी लावू नका. नारळ पडला तर टप आणि काच दोन्हींचे काम, आणि झावळ पडायला वाराही लागत नाही. पेंढ्याच्या उडवीजवळही नको, तिथले उंदीर वायरी खातात. खारी हवा पत्र्याला तळातून लागते, म्हणून पाऊस संपल्यावर गाडी खालून धुऊन घ्या.

गाडीचा विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते तुम्ही जवळून पाहिले असेल. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून बघितली आणि इंजिनात पाणी गेले, तर साधा सर्वसमावेशक विमा ते नुकसान सहसा देत नाही. म्हणून पाणी ओसरल्यावर बटण दाबायचे नाही, हायब्रिड असेल तर जास्त दाबाच्या केशरी तारांना हात लावायचा नाही. फोटो काढायचे, विमा कंपनीला फोन करायचा आणि गाडी ओढून न्यायला सांगायची.