इंद्रधनुषी, म्हणजे समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींना पाठिंबा दाखवणाऱ्या, जाहिराती करणाऱ्या दुकानसाखळ्यांचा यवतमाळसारख्या जिल्ह्यातील ग्राहकाला उपयोग होतो का?

होतो, पण फारच थोडा. पुसद किंवा वणीच्या कापड दुकानात तृतीयपंथी ग्राहकाला खरा आधार जाहिरातीचा नसून कायद्याचा आहे. जाहिरात जनक्षोभापुढे टिकेलच असे नसते: अमेरिकेतील ‘टार्गेट’ या साखळीने 2023 मध्ये, कर्मचाऱ्यांना धमक्या आल्याचे सांगून, प्राइड महिन्यासाठीच्या (हा समुदाय जूनमध्ये साजरा करतो तो अभिमान महिना) काही वस्तू विक्रीतून काढल्या, आणि आपल्याकडे डाबरने 2021 मध्ये एकमेकींसाठी करवा चौथ साजरा करणाऱ्या दोन स्त्रियांची जाहिरात मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांच्या इशाऱ्यानंतर मागे घेतली. दोन्ही वेळी ज्यांच्यासाठी त्या वस्तू वा ती जाहिरात होती, त्यांचाच अपमान झाला, असे मला वाटते. याउलट तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, 2019 याचे कलम 3 सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या वस्तू व सेवा नाकारण्यास, किंवा त्या देताना अन्यायकारक वागणूक देण्यास, स्पष्ट मनाई करते. त्यामुळे ट्रायल रूम वापरू न देणाऱ्या दुकानदाराला हे कलम निःसंकोच दाखवावे. मात्र समलिंगी ग्राहकांसाठी या कायद्यात असे कलम नाही. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, परंतु दुकानातील वागणुकीबाबत असा स्वतंत्र कायदा त्यातून आला नाही.