चेंडू हातात धरता येत नाही म्हणून : ‘हायक्यू’विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 52. व्हॉलीबॉल कधी खेळलो नाही, अ‍ॅनिमेही पाहत नाही. मुलाच्या आग्रहाखातर ‘हायक्यू’ ही शालेय व्हॉलीबॉलवरची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका पाहायला बसलो. हरलेला संघ जेवायला बसतो त्या प्रसंगाला डोळे भरून आले, ते थांबेनात. मैत्रीवरचे सिनेमे पुष्कळ पाहिले, पण असं कधी झालं नव्हतं. हे कशामुळे?

उत्तर : तुम्ही म्हणता तो प्रसंग पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे येतो. मियागी प्रांतातल्या कारासुनो शाळेचा संघ आओबा जोसाईकडून हरतो. प्रशिक्षक उकाई मुलांना जेवायला नेतात. धावून आणि उड्या मारून स्नायूंचे तंतू तुटले आहेत, ते नीट जुळायचे तर आत्ता पोटभर खाल्लं पाहिजे, एवढंच ते सांगतात. मुलं खायला लागतात आणि खाता खाताच एकेकाला रडू फुटतं. दुःखात घास घशाखाली उतरत नाही असं आपण म्हणतो. इथे तो घास उतरवायचाच असतो, कारण उद्या पुन्हा सराव आहे. कुणी कुणाची समजूत काढत नाही. सगळे एका टेबलाशी बसून एकच गोष्ट गिळत असतात.

याचं मूळ खेळाच्या नियमांत आहे. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवता येत नाही. एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावता येत नाही. संघाला तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे धाडावा लागतो. फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू एकट्याने अर्धं मैदान कापत जाऊ शकतो. इथे ती सोयच नाही, चेंडू दुसऱ्याकडे द्यावाच लागतो. कारासुनोच्या हिनाताची, म्हणजे मालिकेच्या बुटक्या नायकाची, उंची सुरुवातीला 162.8 सेंटिमीटर असते आणि जाळी 2.43 मीटरवर, म्हणजे त्याच्या डोक्याच्या वर जवळपास 80 सेंटिमीटर. तो कितीही उंच उडाला तरी त्याच्या संघातल्या कागेयामाने चेंडू नेमक्या जागी उचलून दिला नाही, तर ती उडी वाया जाते. त्यांचा पहिला झटपट स्मॅश हिनाता डोळे मिटून मारतो. भरवसा या शब्दाचा अर्थ लेखक हारुइची फुरुदाते यांनी असा खेळाच्या कृतीतच बसवला आहे. म्हणून मैत्रीवरची भाषणं लागत नाहीत, आणि आपण सावध होण्याआधीच गोष्ट काळजाला भिडते.

दुसरं कारण जपानी शाळेच्या रचनेत आहे. तिथलं उच्च माध्यमिक शिक्षण तीन वर्षांचं, एप्रिल ते मार्च. स्पर्धा बाद पद्धतीची, एकदा हरलं की संपलं. तिसऱ्या वर्षाची बरीच मुलं उन्हाळ्यातल्या स्पर्धेनंतर अभ्यासासाठी क्लब सोडतात. ‘वसंत’ नावाची राष्ट्रीय स्पर्धा पूर्वी मार्चमध्ये होत असे, 2011पासून ती जानेवारीत आली आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आणखी एक संधी मिळाली. कारासुनोचे दाइची, सुगावारा आणि आसाही हे तिघं थांबतात ते तिच्यासाठीच. प्रत्येक सामन्यात ‘हा यांचा शेवटचा तर नाही ना?’ ही धाकधूक असते, ती यामुळे.

आणि ही मालिका हरणाऱ्यांकडे पाठ फिरवत नाही. पहिल्या पर्वातला ‘विजेते आणि पराभूत’ हा भाग पुन्हा पाहा. तोकोनामी नावाचा साधासा संघ पहिल्याच सामन्यात बाद होतो. त्यांच्यातला इकेजिरी हा दाइचीचा जुना शाळासोबती. आम्हीही व्हॉलीबॉल खेळलो होतो, एवढंच त्याच्या मनात येतं. या संघाचं पुढे कथानकात काहीच काम नाही, तरी त्यांना एवढी जागा दिली आहे. आमच्या मते संपूर्ण मालिकेतलं हे सर्वांत मोठ्या मनाचं लिखाण आहे.

प्रश्न : त्सुकिशिमा हा उंच, तुसडा मुलगा मला सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता. तिसऱ्या पर्वात त्याने एक चेंडू अडवला आणि मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. एका ब्लॉकला इतकं वजन कसं आलं?

उत्तर : त्या ब्लॉकची तयारी एक पर्व आधीपासून चाललेली असते. त्सुकिशिमाचा मोठा भाऊ कारासुनोतच होता. आपण संघाचा मुख्य खेळाडू आहोत असं तो घरी सांगायचा. प्रत्यक्षात सामन्याच्या वेळी तो प्रेक्षकांत उभा असलेला धाकट्याने पाहिला. तेव्हापासून त्सुकिशिमा कशातही जीव ओतत नाही, कारण जीव ओतला की भावासारखं तोंडघशी पडावं लागेल अशी भीती आहे. दुसऱ्या पर्वात सराव शिबिरात त्याचा लहानपणापासूनचा मित्र यामागुची त्याची कॉलर धरतो. एवढी मेहनत कशाला, या त्सुकिशिमाच्या प्रश्नाला यामागुची स्वाभिमान हे एकच उत्तर देतो. बुजऱ्या, कायम मागे राहणाऱ्या मुलाने ते म्हणावं, याला महत्त्व आहे.

मग प्रांताच्या स्पर्धेत शिराटोरिझावा शाळेविरुद्ध अंतिम सामना. तिसरं पर्व फक्त 10 भागांचं आहे आणि ते सगळे या एकाच सामन्याला दिले आहेत. त्सुकिशिमा त्यांच्या मुख्य खेळाडूचे, उशिजिमाचे, स्मॅश लगेच अडवायला जात नाही. हाताला लावून वेग कमी करतो, मागच्यांना चेंडू उचलता येईल असं करतो, आणि समोरच्या सेटरला (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याला) हळूहळू अस्वस्थ करतो. ब्लॉक लागतो तो या सगळ्यानंतर. तुम्ही दोन पर्वं वाट पाहिली होती, म्हणून उठून उभ्या राहिलात.

प्रश्न : कोणत्या क्रमाने पाहावं? मित्राने थेट सिनेमा लावला आणि मला काहीच वाटलं नाही.

उत्तर : वाटणार नाहीच. 2024चा तो सिनेमा 85 मिनिटांचा आहे आणि त्यात कारासुनो आणि नेकोमा या प्रतिस्पर्धी शाळांचा एकच सामना आहे. त्यामागचं सगळं नातं मालिकेत घडून गेलेलं असतं. क्रम असा ठेवा : पहिलं पर्व (2014, 25 भाग), दुसरं (2015-16, 25), तिसरं (2016, 10), चौथं (2020, 25), मग सिनेमा. एकूण 85 भाग. सुरुवातीची आणि शेवटची गाणी वगळली तर साधारण 30 तास लागतात. जुन्या भागांची काटछाट करून केलेले सिनेमे सोडून द्या. त्यांत सामन्यांचे गुण उरतात, वाट पाहणं निघून जातं.

शक्यतो जपानी आवाजात, उपशीर्षकांसह पाहा. कोण कुणाच्या नावाला आदराचं ‘सान’ जोडतं आणि कोण नुसतं नाव घेतं, हे कानाने कळतं. ‘अहो’वरून ‘अरे’वर येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नेकोमाचा केन्मा हिनातापेक्षा एक वर्ष पुढे, पण थोरला-धाकटा हा प्रकार त्याला नको असतो. म्हणून हिनाता त्याला सरळ ‘केन्मा’ म्हणतो. सिनेमाची शेवटची रॅली, म्हणजे एका गुणासाठी चाललेली चेंडूची देवाणघेवाण, केन्माच्या डोळ्यांतून दिसते : त्याचा श्वास, फिरणारी नजर, आणि घामाने ओला होऊन हातातून निसटणारा चेंडू. लहानपणी आपल्याला या खेळात ओढून आणणाऱ्या कुरोचे तो आभार मानतो. ते साधे शब्द समजायला आधीचे 85 भाग लागतात.

प्रश्न : मुलीला (वय 13) आता व्हॉलीबॉल शिकायचं आहे. घरच्या घरी काय करता येईल?

उत्तर : स्मॅशपासून सुरू करू नका. मालिका पाहून आलेली मुलं हीच चूक करतात आणि महिन्याभरात कंटाळतात. आधी खालून चेंडू उचलणं शिकायचं. दोन्ही हात जुळवून कोपरं सरळ ठेवायची. चेंडू मनगटाच्या थोडा वर, पुढच्या हाताच्या सपाट भागावर घ्यायचा. अंगठ्यांवर लागला तर तो कुठेही जातो. हात झटकायचे नाहीत, गुडघे वाकवून जोर पायांनी द्यायचा. चेंडू मागे उडत असेल तर हात खांद्याच्या वर जात आहेत असं समजा. सुरुवातीला हात लाल होतात, ते आठवड्याभरात कमी होतं. चेंडू 260 ते 280 ग्रॅमचा असतो, पण नवशिक्या मुलीला हलका, मऊ चेंडू द्या. कडक चेंडूच्या भीतीने मुलं हात मागे घेतात आणि ती सवय मोडायला वेळ लागतो. महिलांची जाळी 2.24 मीटरवर असते, तिची पहिले काही महिने गरजच नाही.

तीन मीटरवर भिंत असली तरी सराव होतो. पण भिंत चेंडू ठरलेल्या वाटेने परत करते. माणूस कधी आखूड देतो, कधी बाजूला, आणि पाय हलवायची सवय त्यातूनच लागते. शेजारची एखादी मैत्रीण पाहा, दोघींना न पाडता लागोपाठ 20 वेळा देता-घेता आलं की मग मैदानावर न्या.